स्पंज नव्हे, सेंटरिंग काढल्यावरही उभी राहणारी चौकट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रसायनशास्त्राच्या २०२५ सालच्या नोबेल पारितोषिकाविषयी आपल्या दैनिकात वेळोवेळी आलेला मजकूर मी आस्थेने वाचला आणि त्याची कात्रणेही जपून ठेवली. क्योतो विद्यापीठाचे सुसुमू कितागावा, मेलबर्न विद्यापीठाचे रिचर्ड रॉब्सन आणि बर्कलीचे ओमार याघी या तिघांना ८ ऑक्टोबर २०२५ रोजी जाहीर झालेल्या या पारितोषिकाला मराठी वृत्तपत्राने इतकी जागा द्यावी, याचा तीस वर्षे महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलेल्या माझ्यासारख्या माणसाला आनंद होणे स्वाभाविक आहे. तरीही त्या मजकुरातल्या दोन गोष्टी खटकल्या. धातू आणि सेंद्रिय रेणू यांच्या ज्या सच्छिद्र चौकटींसाठी हे पारितोषिक मिळाले, त्यांना सरसकट ‘नॅनो स्पंज’ म्हटले गेले, ही पहिली. हवेतून पाणी ओढणारा हा पदार्थ आपल्या दुष्काळी तालुक्यांचा टँकर बंद करील, असे सूचित झाले, ही दुसरी. पहिल्या चुकीमुळे कितागावा यांनी नेमके काय केले हेच झाकले जाते आणि दुसरीमुळे वाचकाच्या मनात अशी अपेक्षा तयार होते, जी पुरी झाली नाही की तो संशोधनालाच बोल लावतो.

आधी शब्दांविषयी. ‘हायब्रीड’ म्हटले की माझ्या पिढीला अजून संकरित ज्वारीच आठवते. त्या ज्वारीत आईबापांचे गुण एकमेकांत असे मिसळतात की दाणा हातात घेऊन कोणता गुण कोणाचा हे दाखवता येत नाही. रसायनशास्त्रातल्या संकरित पदार्थांत तसे नसते. तिथे धातूचा आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, आणि कार्बनचा सांगाडा असलेला सेंद्रिय रेणू हे दोघेही आपापली ओळख राखून असतात, पण अणूच्या पातळीवर एकमेकांशी रासायनिक बंधाने जोडलेले असतात. क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना काढली तर हा जस्ताचा अणू, ही रेणूची दांडी, असे बोट ठेवून सांगता येते. सिमेंटमध्ये सळई घातली म्हणजे दोन पदार्थ शेजारी आले. इथे मात्र प्रत्येक सळईचे टोक प्रत्येक सांध्याशी मोजून बांधलेले असते.

‘नॅनो’ या शब्दाची तर आपण छोट्या गाडीपासून खतापर्यंत इतकी उधळण केली आहे की त्याला अर्थच उरलेला नाही. या पदार्थांचे स्फटिक मिठाच्या खड्याएवढेही असू शकतात. नॅनो आहे ती त्यांच्या आतली रचना, म्हणजे साधारण एक नॅनोमीटरच्या आसपास रुंदीच्या, एकसारख्या, ठरावीक अंतरावर पुन्हापुन्हा येणाऱ्या पोकळ्या. अतिसूक्ष्म कणांची पूड आणि अतिसूक्ष्म पोकळ्यांचा स्फटिक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बातमीत त्यांची गल्लत झाली होती.

लग्नाचा मांडव घालणारे लोक बांबू आणि सुतळी घेऊन काम करतात. कुठल्या गाठीत किती बांबू आणि कोणत्या कोनात येणार, हे ठरले की मांडवाचा आकार ठरला. धातूचा आयन ही ती गाठ आणि सेंद्रिय रेणू हा बांबू. हे रॉब्सन यांच्या लक्षात आले ते १९७४ साली, विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी लाकडी गोळ्यांची प्रतिरूपे करून घेताना. कोणत्या गोळ्याला कुठे भोके पाडायची हे कार्यशाळेला सांगावे लागत होते, आणि त्या भोकांच्या जागांतच पुढची सगळी रचना दडलेली आहे, हे त्यांना जाणवले. आमच्या महाविद्यालयाच्या कपाटातही असे गोळे होते, काळे, लाल, पांढरे, आणि दरवर्षी त्यांतले दोन-तीन हरवत. तीस वर्षे मी ते हाताळले, पण भोकांकडे त्या नजरेने पाहिले नाही, हे कबूल करायला हवे. रॉब्सन यांनी पुढे १९८९ मध्ये तांब्याचे आयन आणि चार हात असलेला एक सेंद्रिय रेणू एकत्र आणला आणि हिऱ्यासारखी, पण आतून प्रशस्त पोकळ्यांची रचना मिळवली.

आता मुख्य मुद्दा. त्या सुरुवातीच्या चौकटी सुंदर होत्या, पण लेच्यापेच्या होत्या. चौकट तयार होताना तिच्या पोकळ्यांत द्रावकाचे, म्हणजे ज्या द्रवात ती बनवतात त्याचे, रेणू भरलेले असतात आणि तेच तिला आतून धरून ठेवतात. घराचा स्लॅब ओतताना खाली सेंटरिंगच्या फळ्या आणि टेकू लागतात, तसे. स्लॅब पक्का झाला की सेंटरिंग काढता येते. या चौकटींचे सेंटरिंग काढायला गेले की बहुधा स्लॅबच खाली यायचा, द्रावक बाहेर पडला की स्फटिक ढासळायचा. आत पोकळी आहे असे कागदावर दाखवता येत होते, पण ती रिकामी करून वापरता येत नव्हती. भाडेकरूशिवाय उभे राहू न शकणारे घर भाड्याने तरी कसे द्यायचे?

कितागावा यांचे काम इथून सुरू होते. १९५१ साली क्योतोमध्ये जन्मलेल्या या रसायनशास्त्रज्ञाने डॉक्टरेट मिळवल्यावर ओसाकाकडच्या किन्दाई विद्यापीठात बरीच वर्षे काम केले. १९९२ साली त्यांनी तांब्याचा एक सपाट, जाळीदार पदार्थ प्रसिद्ध केला, ज्याच्या पोकळ्यांत ॲसिटोनचे रेणू बसलेले होते. त्याचा उपयोग काहीच नव्हता आणि तसे त्यांनी लपवलेही नाही. भौतिकशास्त्रज्ञ हिदेकी युकावा यांच्या लेखनातून त्यांना प्राचीन चिनी तत्त्वज्ञ च्वांगझी यांचा विचार भेटला होता की ज्याला आपण निरुपयोगी म्हणतो त्याचाही उपयोग असतो, आणि तो त्यांनी मनावर घेतला होता. पुढे तोक्यो महानगर विद्यापीठात असताना, १९९७ साली, त्यांच्या गटाने कोबाल्ट, निकेल किंवा जस्त यांचे आयन आणि बायपिरिडीन नावाचा दोन टोकांचा ताठ रेणू जोडून तिन्ही दिशांना पसरलेली, आरपार बोगदे असलेली चौकट उभी केली. त्यांनी तिच्यातले पाणी काढून टाकले. चौकट उभी राहिली. मग खोलीच्या तापमानाला, १ ते ३६ वातावरणांच्या दाबाखाली तिच्यात मिथेन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन भरून दाखवले, आणि तरीही ती कोसळली नाही.

माझ्या मते बातमीचा मथळा या एका प्रयोगातून यायला हवा होता. पोकळी आहे असे म्हणणे आणि ती रिकामी करून, त्यात वायू भरून, पुन्हा रिकामी करून दाखवणे यांत रसायनशास्त्राच्या दृष्टीने फार मोठे अंतर आहे. याघी यांच्या गटाने १९९९ साली जस्त आणि टेरेफ्थॅलिक आम्लापासून केलेल्या एमओएफ-५ (एमओएफ म्हणजे ‘मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क’, धातू-सेंद्रिय चौकट) या चौकटीने हाच मुद्दा अधिक ठसठशीतपणे मांडला. तीनशे अंश सेल्सियसपर्यंत तापवली तरी ती रिकाम्या अवस्थेत टिकते आणि दोन-तीन ग्रॅम पदार्थाच्या आतला पृष्ठभाग फुटबॉलच्या मैदानाएवढा भरतो. टेरेफ्थॅलिक आम्ल म्हणजे ज्यापासून पाण्याच्या बाटल्यांचे पेट प्लास्टिक आणि आपल्या अंगावरचे पॉलिएस्टर बनते तेच, काही दुर्मीळ रसायन नव्हे. मैदानाची ही उपमा आपल्या बातमीत होती. मात्र हीच एमओएफ-५ दमट हवेत ठेवली तर पाण्याचे रेणू तिचे सांधे तोडतात, हे तिथे नव्हते. कोकणातल्या जुलै महिन्यात उघड्या बशीत ती फार काळ टिकणार नाही. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांच्या संशोधनाचा मोठा भाग झिर्कोनियम, ॲल्युमिनियम यांसारख्या धातूंचे पक्के सांधे वापरून पाण्यापुढे टिकणाऱ्या चौकटी शोधण्यात गेला आहे, आणि त्याशिवाय हवेतून पाणी काढण्याची भाषाच शक्य नव्हती.

इथे एक विषयांतर करतो, जे वास्तविक विषयांतर नाही. सच्छिद्र स्फटिक ही काही या तिघांनी प्रथम शोधलेली वस्तू नव्हे. निसर्गात झिओलाइट नावाची खनिजे आहेत, सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांच्या चौकटीची, आणि जगातल्या त्यांच्या सर्वांत देखण्या नमुन्यांपैकी कितीतरी आपल्या दख्खनच्या काळ्या फत्तरातून निघतात. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणी, नाशिक, जळगाव, जिथे विहीर किंवा रस्ता खणताना दगड फुटतो तिथे पोकळ्यांत मोत्यासारखी झाक असलेले स्टिल्बाइट हे झिओलाइट सापडते. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ही खनिजे अनेकांनी पाहिली असतील. झिओलाइट हे नाव स्वीडनचे खनिजशास्त्रज्ञ क्रोनस्टेट यांनी १७५६ मध्ये ठेवले. तापवल्यावर हा दगड उकळल्यासारखा फसफसतो, म्हणून ‘उकळणारा दगड’. मी वर्गात स्टिल्बाइटचा चुरा परीक्षानळीत घालून तापवत असे आणि नळीच्या वरच्या थंड भागावर पाण्याचे थेंब जमले की मागच्या बाकावरची मुलेही पुढे येत. दगडातून पाणी निघते, हे पाहिल्यावर त्यांना काही वेगळे सांगावे लागत नसे.

कितागावा यांना अर्थसाहाय्य देणाऱ्या संस्थांनी नेमका हाच प्रश्न विचारला. झिओलाइट आहेत, ते टिकाऊ आहेत, तेलशुद्धीकरणात ते रोज वापरले जातात, मग तुमचा हा महागडा, नाजूक पदार्थ कशासाठी? त्यांचे अर्ज वारंवार नामंजूर झाले. प्रश्न अडाणीपणाचा नव्हता, हे मी मुद्दाम लिहितो, कारण अशा कथांत नकार देणाऱ्याला मूर्ख ठरवण्याची आपल्याला सवय आहे. त्या वेळी कोणत्याही जबाबदार समितीला हीच शंका आली असती. कितागावा यांचे उत्तर समजून घ्यायचे तर संकरित या शब्दाकडे परत यावे लागते. झिओलाइटची चौकट दगडी असते, तिच्या पोकळीचा आकार आणि स्वभाव मोजक्या पर्यायांतूनच निवडावा लागतो. धातू-सेंद्रिय चौकटीत बांबू लांब घेतला तर पोकळी मोठी होते, बांबूला बाजूने एखादा रासायनिक गट लावला तर ती पोकळी विशिष्ट पाहुण्याला, म्हणजे आत येणाऱ्या विशिष्ट रेणूला, जवळ करते, आणि गाठीचा धातू बदलला तर सांध्याचे गुण बदलतात. याघी यांनी २००२-०३ च्या सुमारास एमओएफ-५ च्या सोळा आवृत्त्या याच पद्धतीने करून दाखवल्या. याहून मोठी गोष्ट अशी की सेंद्रिय दांड्या लवचीक असू शकतात, त्यामुळे सगळी चौकटच हलू शकते.

१९९८ साली कितागावा यांनी या पदार्थांच्या तीन पिढ्या कल्पिल्या. पहिली, द्रावक गेला की ढासळणारी. दुसरी, द्रावक गेला तरी ताठ उभी राहणारी. तिसरी, पाहुणा आला की आपला आकार बदलणारी आणि तो गेला की पूर्ववत होणारी. ही तिसरी पिढी हा त्यांचा खास विषय. आता कोणी म्हणेल की मऊ आहे, फुगते, आक्रसते, म्हणजे शेवटी स्पंजच की! पण स्पंज पाणी, दूध, रॉकेल यांत भेद करत नाही आणि त्याची छिद्रे लहानमोठी, कशीही असतात. या चौकटी पाहुणा ओळखतात. कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजन यांचे रेणू आकाराने आणि उत्कलनबिंदूने इतके जवळचे आहेत की त्यांना वेगळे करणे हे उद्योगाचे जुने दुखणे आहे. कितागावा यांच्या गटाने २०१४ मध्ये तांब्याची अशी एक मऊ चौकट दाखवली, जिच्यात कार्बन मोनॉक्साइडचे पहिले काही रेणू तांब्याला जाऊन चिकटतात, त्या चिकटण्याने चौकटीचा आकार बदलतो, बोगदे अधिक उघडतात आणि मागून येणाऱ्या त्याच वायूच्या रेणूंना आणखी जागा होते. नायट्रोजनसाठी हे दार तसे उघडत नाही. पहिल्या पाहुण्याने आतून कडी काढून आपल्या नातेवाइकांना बोलवावे, तसा हा प्रकार. स्पंजाला हे जमत नाही.

त्याआधीचे, २००५ सालचे त्यांचे ॲसिटिलीनवरचे काम मला व्यक्तिशः फार आवडते, कारण त्याचा धागा कोपऱ्यावरच्या गॅस वेल्डिंगच्या दुकानाशी जुळतो. ॲसिटिलीन हा वायू नुसता दाबून सिलिंडरमध्ये भरता येत नाही, थोडा दाब वाढला तरी त्याचा स्फोट होऊ शकतो. म्हणून वेल्डिंगवाल्याकडच्या सिलिंडरच्या आत एक सच्छिद्र भराव असतो, तो ॲसिटोनने भिजवलेला असतो आणि वायू त्या ॲसिटोनमध्ये विरघळवून ठेवलेला असतो. कितागावा यांच्या चौकटीच्या बोगद्यांत ॲसिटिलीनचा प्रत्येक रेणू भिंतीवरच्या ऑक्सिजनच्या अणूंनी दोन्ही टोकांना धरून ओळीत बसवला जातो, त्यामुळे मोकळ्या वायूच्या बाबतीत सुरक्षित मानलेल्या मर्यादेच्या २०० पट घनतेला तो साठवता येतो. त्यामुळे दुकानातला सिलिंडर उद्या बदलणार आहे असे मी म्हणत नाही. पण एखादी पोकळी एका रेणूला कशी धरून ठेवते, हे सांगायला इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

आता पाण्याविषयी. हे काम याघी यांच्या गटाचे आहे, कितागावा यांचे नव्हे, आणि ते खरे आहे. रात्री हवेतली वाफ चौकटीत अडकवायची आणि दिवसा उन्हाच्या उष्णतेने ती सोडवून थंड पृष्ठभागावर जमवायची, अशी ही रीत. अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात झालेल्या प्रयोगात, २०१८ साली, झिर्कोनियमच्या एमओएफ-८०१ या चौकटीने एका अहोरात्रात दर किलोमागे सुमारे १०० ग्रॅम पाणी दिले. पुढच्या वर्षी ॲल्युमिनियमच्या एमओएफ-३०३ ने मोहावीच्या वाळवंटात दर किलोमागे दिवसाला सुमारे ०.७ लिटरपर्यंत मजल मारली. एवढ्या कोरड्या हवेतून हे व्हावे, ही लहान गोष्ट नव्हे. पण आपल्याकडे गावात येणारा टँकर साधारण दहा हजार लिटरचा असतो. पहिल्या हिशोबाने तो रोज भरायला १०० टन पदार्थ लागेल, दुसऱ्या हिशोबाने चौदा टनांहून अधिक, आणि पंखे, सौर पट्ट्या, यंत्रे वेगळीच. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले होते, हे आठवणाऱ्या माणसापुढे ‘हवेतून पाणी’ असे मोठ्या अक्षरांत छापताना हा गुणाकार शेजारी द्यायला हवा होता. उलट बाजूही न्याय्यपणे सांगतो. एका कुटुंबाला प्यायला आणि स्वयंपाकाला रोज वीस लिटर पाणी लागते असे धरले, तर दुसऱ्या हिशोबाने तीस किलोच्या आत पदार्थ पुरतो. एकाकी वस्ती, सीमेवरची चौकी, जवळपास खात्रीचा झराच नसलेला पाडा, इथे या विद्येला जागा आहे. ऊस, कारखाने आणि शहरे यांच्या पाण्याशी तिचा काही संबंध नाही.

उपयोगच सांगायचा तर आज कारखान्याच्या दारात पोहोचलेला उपयोग वेगळा आहे आणि त्याला पुण्याचा एक धागा आहे, जो आपल्या वार्ताहराच्या नजरेतून निसटला. कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठात जॉर्ज शिमिझू यांच्या गटाने जस्त, ट्रायाझोल आणि ऑक्झॅलिक आम्ल यांपासून कॅल्फ-२० नावाची चौकट केली. सिमेंटच्या कारखान्याच्या धुरात वाफ असते आणि बहुतेक चौकटींत पाणी कार्बन डायऑक्साइडची जागा बळकावते. कॅल्फ-२० दमट धुरातूनही कार्बन डायऑक्साइड पकडते आणि वाफेने तो सोडूनही देते. बीएएसएफ या जर्मन कंपनीने ती शेकडो टनांच्या प्रमाणात करायला घेतली आहे. या कामाच्या आधीच्या पायरीवर, २०१० साली, कार्बन डायऑक्साइडचा रेणू अशाच जस्ताच्या चौकटीत नेमका कुठे बसतो हे दाखवणाऱ्या शोधनिबंधात रामनाथन वैद्यनाथन होते, जे पुढे पुण्याच्या आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) या संस्थेत आले. त्याच संस्थेतले सुजित घोष हे कितागावा यांच्या क्योतोच्या प्रयोगशाळेत काम करून आलेले. याघी यांच्याकडे काम केलेले राहुल बॅनर्जी यांनी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत बरीच वर्षे सच्छिद्र चौकटींवर संशोधन केले, नंतर ते कोलकात्याच्या आयसरमध्ये गेले. म्हणजे या पारितोषिकाची माहिती घ्यायला आपल्या वार्ताहराला परदेशी वृत्तसंस्थेचा मजकूर भाषांतरित करण्याची गरज नव्हती, पाषाण रस्त्यापर्यंत जाणे पुरले असते.

माझी विनंती दोन गोष्टींची आहे. एक, यापुढे या पदार्थांसाठी ‘धातू-सेंद्रिय चौकट’ असा शब्द वापरावा. मराठी विज्ञानलेखनात ‘जाळी’ असेही लिहिले जाते, पण जाळी म्हटले की सपाट वस्तू डोळ्यांसमोर येते आणि १९९७ च्या प्रयोगाचा अर्थ निसटतो. ‘स्पंज’ मात्र टाळावा. दोन, पाण्याविषयीच्या मजकुरासोबत दर किलोमागे मिळणाऱ्या पाण्याचे वर दिलेले आकडे पुढच्या एखाद्या अंकात चौकटीत छापावेत, कारण तो मजकूर वाचून आमच्या तालुक्यातल्या दोन सरपंचांनी हे यंत्र कुठे मिळते अशी माझ्याकडे चौकशी केली आहे आणि त्यांना दाखवायला माझ्यापाशी आपलेच कात्रण असलेले बरे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त रसायनशास्त्र अध्यापक, सातारा